सप्टेंबरमध्ये पक्षी नसतात म्हणे!

पितृपक्षातले पंधरा दिवस सोडले तर पुणेकर पक्ष्यांकडे फारसं बघत नाही. त्या पंधरा दिवसांत मात्र बघतो, आणि काय जीव तोडून बघतो! गच्चीवर पान ठेवलेलं असतं, खाली गाडी चालू ठेवलेली असते, साडेनऊचा कॉल असतो आणि कावळा काही यायला तयार नसतो. नदीकाठच्या घाटांवर तर मान वर करून उभी असलेली अख्खी कुटुंबंच दिसतात. आजोबांचं काय राहिलं असेल, कोणाला वचन द्यायचं, श्रीखंड आवडायचं की बासुंदी, यावर दबक्या आवाजात चर्चा चालू असते.

आणि त्याच वेळी, त्याच घाटाच्या शेवटच्या पायरीखाली, चिखलात, मुठीएवढा एक तपकिरी-पांढरा पक्षी शेपटी खालीवर हलवत तुरुतुरु चालत असतो. त्याचं नाव तुतारी. काश्मीर-लडाखच्या एखाद्या ओढ्यावरून किंवा त्याच्याही पलीकडून, मध्य आशियातून, तो नुकताच आलेला असतो. त्याच्याकडे कोणीही बघत नाही. कावळा शिवला की सगळे सुटकेचा निश्वास टाकून घरी.

आता सामान्य माणसाचं सोडा. त्याला काय पडलंय? माझं भांडण त्याच्याशी नाहीच. माझं भांडण आहे आपल्या जमातीशी. म्हणजे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे पाच दिवस कीबोर्ड बडवणारे, दुर्बीण बाळगणारे, ई-बर्डवर खातं असणारे, स्वतःला बिनधास्त 'बर्डर' म्हणवणारे जे आपण आहोत, त्यांच्याशी. कारण परवा ऑफिसात चहाच्या मशीनपाशी एका मित्राला म्हटलं, "रविवारी येतोस का नदीवर?" तर तो म्हणाला, "आत्ता? सप्टेंबरमध्ये? अरे आत्ता काय असतं? सीझन सुरू होऊ दे ना."

सीझन!

मंडळी, हा शब्द आंब्याला ठीक आहे, मंगल कार्यालयांना ठीक आहे. पक्षी बघण्याला 'सीझन' कोणी चिकटवला? ज्यांना गाड्या भरून माणसं न्यायची असतात त्यांनी. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याकडे अमूर ससाणे. जानेवारीत भिगवणला रोहित आणि पट्टकदंब, होडीत बसून, पुढच्या होडीतल्या माणसाचं डोकं चुकवत. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, तेव्हा चार दिवस सगळ्यांना एकदम परसदार आठवतं. मग उन्हाळ्यात सिंहगडाच्या दरीत स्वर्गीय नर्तक. की झालं वर्ष. सप्टेंबर आणि अर्धा ऑक्टोबर या कॅलेंडरात नाहीच. तेव्हा म्हणे पक्षी नसतात.

अहो, पण स्थलांतर म्हणजे 'येणं' असतं ना? मग ते येतात कधी? जानेवारीत भिगवणला उतरलेल्या पर्यटकांसाठी हे पक्षी काय आदल्या रात्री बसने येतात?

खरी धामधूम आत्ता चालू आहे. आणि ती दुतर्फा आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चातकच घ्या. पावसाबरोबर आफ्रिकेतून आलेला हा पाहुणा (कवींनी याला इतकं तहानलेलं ठेवलंय की त्याला पाणी पिताना बघून लोक बिचकतील) आता परत निघालाय. त्याने अंडी घातली सातभाईंच्या घरट्यात. म्हणजे या दिवसांत वेताळ टेकडीवर तुम्हाला एक भारी दृश्य दिसू शकतं. सातभाईंची चिवचिवाटी टोळी, आणि तिच्यात मधोमध बसून चोच उघडून मागणारं भलतंच कोणाचं तरी पोर. हे पोर थोड्याच दिवसांत आफ्रिकेच्या दिशेने निघणार. आईबाप आधीच गेलेत. ज्यांनी वाढवलं त्या सातभाईंनी टेकडीपलीकडचं जग बघितलेलं नाही. कोणी शिकवलेलं नाही, कोणी सोबत नाही. आपल्याला पाषाणहून कात्रजला जायचं तर नकाशा लावावा लागतो.

उलट दिशेने येणाऱ्यांत सगळ्यात आधी करडा धोबी. सप्टेंबर लागला की ओढ्याकाठी, टेकडीवरच्या डबक्यापाशी, कधी तर सोसायटीच्या ओल्या हिरवळीवर याची लांब शेपटी हलताना दिसते. मग तुताऱ्या येतात. साधी तुतारी, हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी. (काही ठिकाणी यांना 'तुतवार' म्हणतात. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश काढून बसलात तर एकेका पक्ष्याची बोलीतली नावं वाचण्यात संध्याकाळ जाते. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. आपल्या पिढीतल्या किती जणांनी तो कोश उघडलाय, हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाही.) यातली हिरवी तुतारी म्हणजे तर अवलियाच. चिखलात वावरणारा पक्षी, पण उत्तरेकडच्या जंगलांत अंडी घालतो झाडावर, तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच पक्ष्याच्या जुन्या घरट्यात.

भोरड्याही या सुमारास दिसू लागतात. गुलाबी मैना म्हणजे तीच. ज्वारीवाल्या शेतकऱ्याला विचारा, तो तिच्याबद्दल काही वेगळंच सांगेल, आणि सांगताना हातात गोफण असेल.

आणि टिलवा. छोटा टिलवा. माझा सगळ्यात लाडका.

हा पक्षी साधारण पंचवीस ग्रॅमचा. पाच रुपयांची चार नाणी तळहातावर घ्या, संपला टिलवा. हा अंडी घालतो कुठे, तर आर्क्टिकच्या काठावर, सैबेरियाच्या पार वरच्या टुंड्रात. तिथून पुणं सरळ रेषेत मोजलं तरी सहाएक हजार किलोमीटर भरतं, आणि तो काही सरळ रेषेत येत नाही. मोठे पक्षी आधी निघतात. पिल्लं मागून. म्हणजे सप्टेंबरअखेर मुळा-मुठेच्या चिखलात जो टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत असतो, तो बऱ्याचदा जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा असतो आणि एकाही ओळखीच्या मोठ्या पक्ष्याशिवाय इथवर आलेला असतो.

त्याला उतरायला काय लागतं? चिखल. बस. ओला, मऊ, उताराचा चिखल.

इथून पुढे जरा भूमिती आहे, पण आपण इंजिनियर लोक आहोत, सहन करा. टिलव्याची चोच पावणेदोन-दोन सेंटिमीटर, पायही तेवढेच बुटके. म्हणजे त्याची ताटली कुठली, तर पाणी जिथे संपतं आणि चिखल जिथे सुरू होतो ती पट्टी. ठिपकेवाली तुतारी जरा लांब पायांची, ती दोन पावलं आत जाते. शेकाट्या त्या गुलाबी काड्यांवर आणखी आत. एकाच काठावर तीन पंगती, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. आता पावसाळा सरताना काय होतं? खडकवासल्याचा विसर्ग कमी होत जातो, नदी रोज थोडी थोडी उतरते. समजा काठाचा उतार वीसास एक आहे. पाणी दहा सेंटिमीटर उतरलं तर दोन मीटर रुंदीचा ताजा चिखल उघडा पडतो, अळ्या-किड्यांसकट. दुसऱ्या दिवशी आणखी. म्हणजे नदी स्वतःच रोज नवीन पान वाढते, नेमकी पाहुणे यायच्या वेळेला. आता त्याच काठाला दोनास एक उताराचं दगडी पिचिंग करा. तेच दहा सेंटिमीटर उतरल्यावर वीस सेंटिमीटरची पट्टी उघडी पडते, आणि तीही दगडाची. उभी भिंत घाला. शून्य.

ही साधी त्रैराशिकं आहेत. ही करायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही.

गेल्या रविवारी मी एकटाच गेलो. (मित्र सीझनची वाट बघतोय.) सव्वासहाला कल्याणीनगरच्या मागच्या बाजूने नदीवर, डॉ. सालिम अलींचं नाव दिलेल्या त्या पट्ट्यात. बाभळी, वेडीवाकडी झुडपं, कुठे राडारोडा टाकलेला, आणि वास. वासाबद्दल खोटं बोलणार नाही, रुमाल लागतोच. विसर्जन होऊन गेलेलं, त्यामुळे निर्माल्याच्या पिशव्या काठाला अडकलेल्या. पहिली वीस मिनिटं नुसते बगळे, टिटव्या आणि घारी. मग उजेड वाढला आणि पलीकडच्या काठावर चिखलच हलायला लागला. म्हणजे वाटलं चिखल हलतोय. दुर्बीण लावली तर ठिपकेवाल्या तुताऱ्या. एक, दोन, सात, अकरा. त्यांच्यात दोन हिरव्या, उडाल्या की पाठीमागचा पांढरा झोत दिसतो त्यावरून कळल्या. साध्या तुताऱ्या चार. करडा धोबी एक, पिवळ्या धोब्यांची एक विस्कळीत टोळी. टिलवे नाहीत. मी वहीत 'टिलवा – ०' असं लिहिलं. हे शून्य लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

नऊच्या सुमाराला सोलापूर रोडने कवडीपाटला. इथे नदीत बंधारा आहे, बंधाऱ्याखाली साबणाच्या फेसाचे डोंगर आणि अख्ख्या शहराचं प्लॅस्टिक. आणि या सगळ्याच्या मधोमध शेकाटे, चित्रबलाक, हळदी-कुंकू बदकं. आणि टिलवे! नऊ टिलवे. एका फुटक्या थर्माकोलच्या तुकड्याभोवती.

तिथे म्हशी धुवायला आलेले एक काका होते. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "काय साहेब, सर्व्हेला आलाय का?"

"नाही हो काका, पक्षी बघतोय."

"मग थंडीत यायचं की. तवा लई गाड्या येत्यात. आत्ता नुस्ती ती शेपूट हलवणारी बारकी बारकी."

"तीच बघायला आलोय."

काका जरा थांबले. मग म्हणाले, "ती आत्ताच आल्यात. गौरी गणपतीच्या टायमाला न्हवती. वाईच पाणी उतरलं की येत्यात." आणि म्हशीच्या पाठीवर पाणी मारायला लागले.

बघा, या माणसाकडे नोंद आहे. अ‍ॅप नाही, लेन्स नाही, पण कोण कधी येतं आणि कशामुळे येतं ते त्याला माहीत आहे. हायड्रॉलॉजीसकट. आमच्याकडे सहाशेची लेन्स आहे आणि 'सीझन सुरू होऊ दे ना'.

आता त्या शून्याकडे येतो. आपल्यातल्या ज्याने आयुष्यात एकदा तरी डेटाबेसला हात लावलाय त्याला नल आणि शून्य यातला फरक समजावून सांगायची गरज नाही. शून्य म्हणजे बघितलं, मोजलं, नव्हतं. नल म्हणजे कोणी बघितलंच नाही. या दोन गोष्टींची गल्लत केली तर रिपोर्ट चुकतो, क्लायंट बोंबलतो, शुक्रवारी रात्री आपल्याला बसावं लागतं. बरोबर? मग सांगा, आपल्या शहराच्या नदीबद्दल सप्टेंबर महिन्यात आपल्याकडे काय आहे? बहुतेक काठांसाठी नल आहे. आणि फाइलींमध्ये तो नल काय म्हणून वाचला जातो? शून्य म्हणून. 'सदर जागी उल्लेखनीय पक्षीजीवन आढळत नाही.' असं वाक्य लिहायला कोणाला लाच द्यावी लागत नाही, खोटंही बोलावं लागत नाही. तिथे कोणी गेलंच नव्हतं, एवढं पुरतं.

आणि हे वाक्य आत्ता फार महाग पडणार आहे. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान मोदी पुण्यात आले, मेट्रोचं उद्घाटन झालं, त्याच दौऱ्यात नदीच्या दोन वेगवेगळ्या कामांची पायाभरणी झाली. एक, सांडपाणी शुद्धीकरण. १,४७० कोटींचं, ११ केंद्रं, मिळून सुमारे ४०० एमएलडी. दुसरं, नदीचं 'पुनरुज्जीवन'. १,०८० कोटींचं, ९ किलोमीटरसाठी. त्यात काठाचं संरक्षण, सांडपाण्याच्या वाहिन्या, नागरिकांसाठी सोयीसुविधा, नौकाविहार वगैरे. हे नऊ किलोमीटर म्हणजे साधारण संगमवाडी ते मुंढवा. कल्याणीनगरचा तो चिखल याच पट्ट्यात येतो.

पहिल्या कामाला माझा दोन्ही हात वर करून पाठिंबा आहे. ते आधीच व्हायला हवं होतं. माझा आक्षेप दुसऱ्याच्या नावाला आहे. काठ दगडाने बांधण्याला 'पुनरुज्जीवन' म्हणणं म्हणजे सर्व्हरला नवीन रंग दिला आणि 'परफॉर्मन्स अपग्रेड' म्हणून बिल लावलं त्यातला प्रकार. नमुना कुठला डोळ्यासमोर आहे तर साबरमतीचा. तिथे वासणा बॅरेजने पाणी अडवलेलं, नर्मदेच्या कालव्यातून आणून भरलेलं, वर्षभर जवळपास एका पातळीला. फोटोला सुंदर. पण उतरणारं पाणी नाही, उताराचा काठ नाही, म्हणजे वरची सगळी भूमिती बाद. टिलवा सैबेरियातून येऊन जॉगिंग ट्रॅकवर काय करणार, स्ट्रेचिंग?

इथे मला नेहमी तीन गोष्टी ऐकवल्या जातात.

'अरे पण ती नदी आहे का आता? गटार आहे. तिथे बाग झाली तर तुझं काय जातं?' मान्य, गटार झालीये. आणि आणखी एक अडचणीची गोष्ट मी स्वतःहूनच सांगतो, म्हणजे कोणी शोधून काढल्याचा आनंद नको. आज तिथे जे शेकाटे आणि तुताऱ्या दिसतात त्यातल्या काहींना आपल्या मैल्यानेच पोसलंय. घाण पाण्याच्या गाळात काही माश्यांच्या अळ्या खंडीने होतात, आणि त्या खायला पक्षी जमतात. उद्या पाणी खरंच स्वच्छ झालं तर काही जातींची संख्या कमी होईल, काही नव्या येतील. होऊ दे. मी घाणीची वकिली करत नाहीये. मी काठाची करतोय. पाणी स्वच्छ करायला काठावर दगड लावावा लागत नाही. आजारी माणसाला औषध द्यायचं की त्याच्या अंगाला प्लास्टर करायचं?

दुसरं, 'पक्ष्यांना पंख आहेत, जातील दुसरीकडे.' हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. दुसरीकडे म्हणजे नक्की कुठे? पाषाणला बऱ्याच वर्षी जलपर्णीखाली पाणी दिसत नाही. टेकड्यांमधल्या पाणथळींवर टॉवर. आणि दुसरी जागा असली तर ती रिकामी आपली वाट बघत बसलीये का? तिथेही कोणीतरी जेवतंय. शिवाय हाच संवाद प्रत्येक शहरात चाललाय. टिलव्याच्या सहा हजार किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक गाव म्हणतंय, 'पुढे जा, बाबा'. आपली बेंचवरची पोरं 'जातील की दुसऱ्या कंपनीत' असं मॅनेजर म्हणाला की आपल्याला कसं लागतं?

तिसरं म्हणजे मी विकासविरोधी. असो. हे ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय.

पण खरी गंमत पुढेच आहे. हा विषय निघाला की सगळ्यात गप्प कोण असतं? पक्षीप्रेमीच. निम्म्यांना वाटतं भिगवण आहे की. आणि उरलेल्या निम्म्यांनी गेल्या काही वर्षांत कवडीपाटचे शेकडो फोटो काढलेत, पण त्यातल्या एकाही फोटोत कवडीपाट नाही. शेकाट्याचे लालचुटुक डोळे आहेत, पाण्यातलं प्रतिबिंब आहे, सोनेरी उजेड आहे. थर्माकोल क्रॉप केला. फेस क्रॉप केला. बंधारा, म्हैस, काका, सगळं क्रॉप. खाली लिहिलंय 'निसर्गाची किमया'. म्हणजे हा पक्षी आपल्या शहराच्या नदीत, आपल्याच कचऱ्यात, आपल्या ऑफिसपासून अर्ध्या तासावर उभा होता, हा एकमेव पुरावा आपणच हाताने कापून फेकून दिला. नंतर त्या जागेची फाइल निघाली की आपल्या हार्डडिस्कवर एक टेराबाइट सौंदर्य असतं आणि उपयोगाचं एक पान नसतं.

'पण अ‍ॅप सांगतं की नाव.' सांगतं. मर्लिनबद्दल माझी तक्रार नाही, तुताऱ्यांमध्ये गोंधळ झाला तर मीही उघडतो. पण अ‍ॅप 'हा कोण' एवढंच सांगतं. किती होते, गेल्या आठवड्यात होते का, कुठल्या काठावर होते आणि कुठल्या नव्हते, हे ते सांगू शकत नाही. कारण तिथे उभं कोण राहणार? तुम्ही.

आणि हौशी माणसांच्या नोंदींना काय किंमत असते हे बघायचं असेल तर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३चा अहवाल बघा. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे, आणि त्यातून ९४२ जातींचं मूल्यमापन झालं. त्यातल्या फक्त ३३८ जातींबद्दल दीर्घकाळाचा कल सांगता आला. त्यातल्या ६० टक्के घटताहेत. हा आकडा वाचून सगळे हळहळतात. मला मात्र त्याआधीचा आकडा जास्त टोचतो. ९४२ पैकी ३३८. म्हणजे उरलेल्या सहाशेंबद्दल 'पूर्वी जास्त होत्या का' या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही, कारण पुरेशा नोंदी नाहीत. आपला जुना मित्र नल.

बंगळुरूच्या एनसीबीएसने २००७ मध्ये 'मायग्रंटवॉच' नावाचा एक साधा उपक्रम सुरू केला होता. यंदा तुमच्या भागात स्थलांतरित पक्षी पहिल्यांदा कधी दिसला, एवढंच कळवायचं. पहिला धोबी, पहिली तुतारी. तारीख आणि ठिकाण. पुढे ते काम ई-बर्डमध्ये मिसळलं. मला ती कल्पना अजून आवडते, कारण त्यात फोटो लागत नव्हता, दुर्मिळ पक्षी लागत नव्हता, स्पर्धा नव्हती. सप्टेंबरमध्ये घराबाहेर पडायला मात्र लागत होतं. आणि आपल्याला नेमकं तेच जमत नाही. पन्नास हजारांची टूर करून हिमालयात नवीन जात 'टिक' करणं जमतं. लाइफ लिस्ट सहाशेवर गेली की स्टेटस टाकणं जमतं. घरापासून सहा किलोमीटरवर जाऊन, त्याच काठावर, त्याच तुताऱ्या चौथ्यांदा मोजणं जमत नाही. त्यात म्हणे थ्रिल नाही.

च्यायला, आठवडाभर आपण करतो काय दुसरं? तेच लॉग, तोच डॅशबोर्ड, काल इतकं होतं, आज इतकं झालं, का झालं. पगार त्याचाच मिळतो. सिस्टीमला हात लावण्याआधी आधीची मोजमापं घेऊन ठेव, हे पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलाही बजावतो आपण. आणि आपल्या नदीवर दगड लागायला सुरुवात झाली, काठाचे काही तुकडे बांधूनही झाले, तरी 'आधी'चा रकाना भरायला मात्र मुहूर्त मिळेना. जो काठ अजून मातीचा आहे त्याचा 'आधी' आत्ताच चालू आहे, याच महिन्यात. जानेवारीत भिगवणहून परत येताना भरता येणार नाही तो.

संध्याकाळी टेकडीवर गेलो होतो, तिथे चातकाचं पोर काही दिसलं नाही. गेलं असावं. सातभाई नेहमीसारखे भांडत होते. तेही लिहिलं, 'चातक – ०'.

तर येत्या रविवारी पुन्हा कल्याणीनगर आणि मग कवडीपाट. महिना संपेपर्यंत दर रविवारी, आणि ऑक्टोबरचे पहिले दोन. सव्वासहाला नदीवर, सूर्य उगवायच्या जरा आधी. जुने बूट घाला, चिखलातून परत येणार नाहीत असे. रुमाल आणा. कॅमेरा आणलात तरी हरकत नाही, फक्त एक फोटो रुंद काढायचा, क्रॉप न करता, काठ आणि भिंत दोन्ही दिसतील असा. वही माझ्याकडे आहे. तुताऱ्या ओळखता येत नसतील तर 'तुतारी, कुठली ते माहीत नाही – ६' असं लिहिलं तरी चालतं. साडेआठला चहा, कवडीपाटच्या जुन्या टोलनाक्याच्या अलीकडे. पैसे ज्याचे त्याने द्यायचे. :-)